शीतलची गांडुळं

१२ जानेवारी
कुलरच्या जुन्या टबात सुनेनं आज गांडुळं सोडली. तीर्थपुरीच्या पाशामियाँकडून मीच आणून दिली, पाव किलो. शीतलनं लग्नानंतर पहिल्यांदाच काही मागितलं — न्हाई कसं म्हणणार? पाशामियाँ म्हणाले, "रामरावसाब, नमक-मिर्ची नक्को इनको. बाकी सब खाते." बायको गोजर म्हणाली, "लोकांच्या सुना दारात म्हैस बांधायला लावतात. आमचीनं किडे पाळले."

१९ जानेवारी
आमच्या भारतला, शीतलच्या नवऱ्याला, पुण्याहून नोकरीचा फोन. म्हणतो, "शीतल म्हणंल तसं." ती टबावर पाणी शिंपडायला गेली. दोघांनी इथंच राहावं, पोरानं टायरचं दुकान बघावं, असं माझ्या मनात. बोललो न्हाई. पण तीन महिन्यांनी होणाऱ्या खताचं काम जी अंगावर घेते, ती जायच्या बेतात नसते. माणसं ओळखूनच शहागडच्या हायवेवर पंक्चरच्या टपरीचं दुकान केलंय मी.

२ फेब्रुवारी
सकाळी भिंतीवर गांडुळंच गांडुळं! गोजरनं उरलेला ठेचा टबात टाकला होता. "नुसत्या सालटांवर किती दिवस काढतील बिचारी?" खोडी होती की माया, माझ्या बायकोचं देवालाही कळायचं न्हाई. शीतलनं एकेक वेचलं. सगळं बाहेर काढून शेण, पाचट नव्यानं भरलं. दुपार झाली. सासूला एवढंच म्हणाली, "आत्याबाई, भाकर चालंल त्यांना. ठेचा आपल्यालाच राहू द्या." गोजर हसली. बत्तीस वर्षांत असा ठंड्या डोक्याचा गडी मला दुकानावर भेटला न्हाई.

२० फेब्रुवारी
आता बायकोच केळीची सालं बारीक चिरून टाकते. मला मात्र भाजीत वांगी अर्धी-अर्धी.

११ मार्च
टबाला कान लावला. आत बारीक सरसर चालू. "मामा, ते तुम्हालाच ऐकू येतं," शीतल म्हणाली. काय कामाचा जीव! ना बोलणं, ना सुट्टी, अन् उकिरड्याचा माल चहापत्तीसारखा करून देतो. गांडुळं दुप्पट झाल्यात. शीतलनं भारतला दुसरा टब आणायला सांगितलं. ऐकून बरं वाटलं. पुण्याचं नाव निघंना झालंय घरात. राहिली म्हणायची.

९ एप्रिल
शेजारणीला विरजण द्यावं तशी बायकोनं निम्मी गांडुळं दुसऱ्या टबात घातली. वर ओलं गोणपाट दाबलं. शीतलला सांगून राह्यली होती, "पुण्यात तिसऱ्या मजल्यावर ऊन लई लागंल. वाळू देऊ नको."