गैरहजेरीचे दिवस

॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. २५ ऑगस्ट १९३१

चि. विमला हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पावले. हिवताप जाऊन तू पुन्हा वर्गात बसू लागलीस, बरे वाटले. मात्र त्या तापात अकरा दिवस गेले हे ध्यानात ठेव. आपल्या ज्ञातीच्या फंडाचे चिटणीस काशीरामभाऊ परवा बंदरकचेरीत आले होते. माझ्या टेबलाशी उभे राहून त्यांनी सर्वांदेखत नियम ऐकवला, की सहामाहीत पंधरा दिवसांहून अधिक गैरहजेरी झाली किंवा एकाही विषयात नापास झाली, तर विद्यावेतन बंद, मग ती कोणाचीही सून असो. म्हणजे तुझ्या हाती चारच दिवस उरले. परीक्षा चौदा सप्टेंबरला. गणपतीला येण्याचा विचार मनातही आणू नकोस. मोदकांवाचून मेलेला माणूस मी अजून पाहिला नाही.

माझा मुलगा गेला तेव्हा तू एकवीस वर्षांची होतीस. विधवा सून पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात पाठवतो म्हणून लोक मला काय काय बोलले ते तुला ठाऊक आहे. तू मास्तरीण होऊन परत आलीस म्हणजे त्यांना वेगळे उत्तर द्यायला नको.

राही खुशाल आहे. दिवसभर पडवीत खेळते. दमयंती तिचे सर्व पाहते. गणितावर जोर दे.

तुझ्या निकालाकडे डोळे लावून बसलेला,
आप्पा


पुणे, ता. १ सप्टेंबर १९३१

चि. दमयंती वन्संस वहिनीचे सप्रेम आशीर्वाद.

मामंजींचे पत्र आले. चांगले दोन पानी, पण त्यात माझ्या राहीबद्दल दोनच ओळी. ती म्हणे दिवसभर पडवीत खेळते. या दिवसांत आपली पडवी जळाऊ लाकडांनी आढ्यापर्यंत भरलेली असते, तिथे ती खेळते कुठे? आणि तुझे पत्र पंधरा दिवसांत नाही. एरवी मांजरीला पिल्ले झाली तरी तू चार पाने लिहितेस.

मी राहीसाठी एक पोलके शिवले. खोलीतल्या तुळसाने विचारले, हे कुणाचे? भाचीचे, असे मी सांगितले. दोन वर्षे हेच सांगत आले आहे; तिकडेही ज्ञातीत ती दूरच्या नात्यातली पोर म्हणूनच ठाऊक आहे. फंड फक्त मूल नसलेल्या विधवेला मिळतो. मामंजींनी अर्जात ‘अपत्य नाही’ असे लिहिले आणि खाली मी सही केली. आता ‘भाची’ म्हणताना जीभसुद्धा अडखळत नाही, याचीच मला भीती वाटते. त्यानंतर त्रैराशिक सोडवायला बसले, तर एकाचेही उत्तर जुळेना.

खरे काय असेल ते लिही. मी तुला बाराखडी शिकवली ती गप्प बसायला नव्हे.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
विमला


रत्नागिरी, ता. ६ सप्टेंबर १९३१

ती. वहिनीस दमयंतीचा नमस्कार.

वहिनी, राहीला आज विसावा दिवस ताप आहे. डॉक्टर विषमज्वर म्हणतात. आप्पांनी मला शपथ घातली होती. म्हणाले, विमला आली तर विद्यावेतन जाईल, आणि मग पोरगी बरी होऊनसुद्धा दोघी जन्मभर दुसऱ्याच्या ताटाकडे बघत राहतील. त्यांना दुष्ट समजू नकोस. कचेरीतून रजा घेऊन ते तिच्या उशाशीच बसलेले असतात. तुला ते पत्र लिहिलं तेव्हाही तिचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं.

कालपासून तिला माणसं ओळखू येत नाहीत. माझा पदर धरून मलाच आई म्हणते. मी ओ दिली. दुसरं काय करू?

तार केली असती, पण तारमास्तर आप्पांच्या रोजच्या बसण्यातले. त्यांना सांगितल्याशिवाय राहिले नसते. हे पत्र कोल्हापूरच्या मोटारीत जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईकडे देते आहे, म्हणजे तिथून लवकर पोचेल.

तू आलीस तर तुझी परीक्षा बुडेल, ते मला कळतं. पण उद्या काही वेडंवाकडं झालं आणि का नाही कळवलंस असं तू विचारलंस, तर मी तोंड कुठे लपवू? ये.

घाबरलेली,
दमयंती


॥ श्री ॥
रत्नागिरी, ता. १० ऑक्टोबर १९३१

चि. विमला हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पुण्यास सुखरूप पोचल्याचे कार्ड मिळाले. राही आता भिंतीला धरून चालते. मऊ भात खाते. केस गळाले म्हणून कोणी आले की दमयंतीच्या लुगड्यामागे लपते.

तू आलीस त्या दिवशी मी तुला उंबऱ्यातच परत जा म्हणालो. त्याविषयी तू इथे असताना बोलणे झाले नाही. आता लिहावेसे वाटते, पण लिहिताही येत नाही.

कामाचे लिहितो. फंडाचे पत्र आले. गैरहजेरी एकंदर तेहतीस दिवस, परीक्षा एकाही विषयाची दिलेली नाही, सबब विद्यावेतन बंद. महिन्याच्या आत लेखी अर्ज करून कारण दाखविल्यास, आणि ते कारण पुन्हा उद्भवणार नाही अशी कमिटीची खात्री पटविल्यास, फेरविचार होईल. मी सर्व विचार केला आहे. तुझा हिवताप उलटला आणि तू हवापालटासाठी घरी आलीस, असे लिहावे. धाकू वैद्य दाखला देतील, त्यांच्याशी बोललो आहे. राहीचे नाव कोठेही येता कामा नये. मसुदा सोबत आहे. तो तुझ्या अक्षरात उतरून पाठवून दे. फार विचार करत बसू नकोस.

तुझे बरे व्हावे एवढेच मागणारा,
आप्पा


पुणे, ता. १७ ऑक्टोबर १९३१

ती. मामंजींचे चरणी विमलाचा साष्टांग नमस्कार. विनंती विशेष.

मसुदा उतरायला तीन वेळा बसले. ‘मी आजारी होते’ एवढे लिहून हात थांबतो. आजारी मी नव्हते. मी तिच्या अंथरुणापाशी बसले होते आणि ती मला परकी बाई समजून दमयंती वन्संना हाका मारत होती. ते मला कोणत्याही वैद्याच्या दाखल्याखाली झाकता येणार नाही.

काल कॉलेजच्या मुख्य बाईंना मी सगळे सांगितले. त्यांनी मुलीचे नाव विचारले. मी राही म्हणाले. या इमारतीत तिचे नाव मी पहिल्यांदाच मोठ्याने घेतले.

फंडाला मी खरे लिहिणार आहे. मूळ अर्ज मीच भरला असे लिहीन, तुमचे नाव येऊ देणार नाही. कमिटीला कारण पुन्हा उद्भवणार नाही याची खात्री हवी आहे. राही पुन्हा कधी आजारी पडणार नाही, असे मी कुठल्या तोंडाने लिहून देऊ? पडली तर मी पुन्हा जाईन, हेच खरे आहे.

तुम्ही मला लेकीसारखे वागवले. आजवर तुमचा शब्द मोडला नाही, आज मोडते आहे. आठ दिवस तुमच्या पत्राची वाट पाहीन आणि मग अर्ज टपालात टाकीन. रागावलात तरी पत्र बंद करू नका.

आपली आज्ञाधारक म्हणवून घ्यायला आज लाजणारी,
विमला


रत्नागिरी, ता. १ नोव्हेंबर १९३१

ती. वहिनीस दमयंतीचा नमस्कार.

आप्पांनी तुला पत्र लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. तुझं पत्र वाचून त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं. परवा साहेबाच्या तपासणीला घालतात तो काळा कोट घातला आणि काशीरामभाऊंकडे गेले. तिथे कमिटी बसली होती. पुढचं मला त्यांच्या घरच्या सगुणाकाकूंनी सांगितलं.

तुझा अर्ज वाचून झाला होता. आप्पा उभ्या उभ्याच म्हणाले, की सून मला वाचवायला खोटं लिहिते आहे. ‘अपत्य नाही’ हे अक्षर माझं, ताडून बघा. काशीरामभाऊ ओरडले नाहीत. ते हळूच म्हणाले, की त्या वर्षी एकच जागा होती, अर्ज दोन होते. दुसरा खाडीपलीकडच्या आरे गावच्या हौसाचा, तीही विधवाच. तिला खरंच मूल नव्हतं. ती जागा तुम्ही तुमच्या सुनेला घेतलीत.

आप्पांना हे ठाऊक नव्हतं. सगुणाकाकू म्हणाल्या, त्यांनी तिथेच हौसाचं घर कुठलं ते विचारून घेतलं.

कमिटीत पुष्कळ वाद झाला. एक गृहस्थ म्हणाले, विधवांच्या मुलांना भिणारा फंड हवा कशाला? पण नियम काही बदलला नाही. तुझं विद्यावेतन कायमचं बंद. कॉलेजला मात्र काही कळवणार नाहीत. स्वतःच्या बळावर शिकायचं तर शीक म्हणाले.

आज सकाळी आप्पा खाडी उतरून चालत आऱ्याला हौसाकडे गेले. संध्याकाळी आले तेव्हा पाय सुजले होते. मी विचारलं, ती काय म्हणाली? म्हणाले, सगळं ऐकून घेतलं, गुळाचा खडा दिला, आणि एकच विचारलं, की पुढच्या वर्षी जागा निघेल का? मग आप्पा रडले. दादा गेला तेव्हाही मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं.

तू हिंमत सोडू नकोस.
तुझी, दमयंती


पुणे, ता. ३ मे १९३२

ती. मामंजींचे चरणी विमलाचा साष्टांग नमस्कार.

वार्षिक निकाल लागला. सर्व विषयांत पास झाले. गणितात जेमतेम, पण पास. नोव्हेंबरपासून एकही दिवस चुकवला नाही.

सकाळी बालवर्ग शिकवायचा आणि त्याबदल्यात राहायचे-जेवायचे, ही मुख्य बाईंनी काढलेली वाट पुढच्या वर्षीही चालू राहील. शिवाय आवारातली एक लहान खोली मला मिळते आहे. तिथे मूल ठेवायला त्यांची हरकत नाही. राही माझ्याच वर्गात बसेल.

फंडाची जागा यंदा हौसाला मिळाली, असे तुम्ही लिहिलेत. खरे सांगते, वाचून पहिला दिवसभर मला रागच आला. ती जागा मला परत मिळेल अशी आशा कुठे तरी होती. दुसऱ्या दिवशी राग ओसरला. तिला सांगा, इथली विहीर खोल आहे, स्वतःची दोरी आणावी. आणि गणिताच्या माझ्या वह्यांचे बाड मी तिच्यासाठी बाजूला ठेवले आहे, चुकांसकट.

राहीला पाठवाल ना? वन्संना विचारून सांगा. त्या नाही म्हणाल्या तर मी आग्रह करणार नाही.

तुमच्या उत्तराची वाट पाहणारी,
विमला


रत्नागिरी, ता. ४ जून १९३२

ती. वहिनीस दमयंतीचा नमस्कार.

उद्या सकाळच्या मोटारीनं आप्पा राहीला घेऊन निघतात. हौसा त्याच मोटारीत आहे. हे पत्र मी आप्पांच्या खिशात ठेवते आहे. त्यांनी वाचलं तरी हरकत नाही.

तू मला विचारायला सांगितलंस. मला नाही म्हणायचं होतं. एक महिना रोज म्हणायचं ठरवत होते. मग काल तिला विचारलं, की आईकडे जायचं का? तिनं विचारलं, तू येतेस? मी म्हटलं, नाही. ती उठून माडाखाली जाऊन बसली आणि बऱ्याच वेळानं येऊन म्हणाली, माझे परकर कुठले कुठले घ्यायचे?

केस पुन्हा दाट आले आहेत. घट्ट वेणी घालू नकोस, डोकं दुखतं म्हणते. मासळीचे काटे अजून काढून द्यावे लागतात. पुण्यात मासळीच नसली तर प्रश्नच मिटला. पेज फार गरम चालत नाही. ताप आल्यासारखा वाटला तर आधी हात लावू नकोस, ती घाबरते. आधी बोल आणि मग हात लाव.

पहिले आठ दिवस ती तुझ्याजवळ येणार नाही, दाराशी बसून राहील. तिला हाका मारू नकोस, आणि रडू तर मुळीच नकोस. तू आपली वर्गाची तयारी करत बस. आपण होऊन येईल.

ती आली की मला एक कार्ड टाक. फक्त ‘आली’ एवढं लिहिलंस तरी चालेल.

तुमच्या दोघींची,
दमयंती