तांदळाच्या पिंपातले डंबेल

काडी पैलवान,

मी दुकानात निघालोय. डंबेलसाठी घर डोक्यावर घेऊ नकोस, ते तांदळाच्या पिंपात तळाशी पुरलेत. पोटभर भात खात जा, तांदूळ संपले की आपोआप हाताला लागतील. भाताला तांदूळ कडेकडेने काढ, पण उकरायला जाऊ नकोस, मधोमध मी बोटाने नक्षी काढून ठेवलीय.

उपाशी राहिलं की स्नायूंचे कट्स दिसतात हे तुला कोणी शिकवलं? आरशात दिसतात त्या बरगड्या आहेत रे बाबा. काल जिन्यात चक्कर येऊन पडलास, तर तुझ्या आईला मी सांगितलं की पाय घसरला. पुन्हा तसं खोटं बोलणं माझ्याच्याने होणार नाही. सकाळपासून कशात जीव लागत नाहीये.

दुपारी फोन करून नुसतं ‘जेवलो’ म्हण. खरं-खोटं मी पिंपात तांदूळ किती उतरलेत त्यावरून बघेन.

– मामा