डब्यावर चाळीस, पाण्यात त्रेचाळीस

सोमवार, ३ मार्च

आज एक उद्योग केला. करायला नको होता. पण केला, आणि मजा आली, हे आधी कबूल.

मी जिथे मदतनीस आहे त्या लॅबमधल्या वॉटर बाथच्या, म्हणजे पाणी ठरल्या तापमानाला धरणाऱ्या डब्याच्या, मागे दोन बटणं आहेत. एकदम दाबून धरली की तापमानाचा आकडा पुढेमागे सरकवता येतो. मी तीनने मागे सरकवला. म्हणजे डब्यावर दिसणार चाळीस, पाणी असणार त्रेचाळीस. कुणासाठी? चष्म्यासाठी. हा लॅबमधला सीनियर. पीएचडीचं चौथं वर्ष, नाकावर चष्मा, चष्म्यावर गर्व. परवा सगळ्यांदेखत म्हणाला, "ए बारावी नापास, बाथचं पाणी बदल. जमेल ना, की शिकवणी लावू?"

बदललं, राजा. मनापासून बदललं.

एकच घोळ. सकाळी त्याच बाथवर ताई बसते, ते डोक्यातून साफ गेलं. ताई सख्खी नाही – दुसरी पीएचडीवाली. इथे माझ्याशी माणसासारखं बोलणारी एकटीच.

मंगळवार, ४ मार्च

काल ताई सकाळभर लेझर मारत बसली. हाती काय? आलेखात सरळ रेघ. आजही सरळ रेघ.

तिचं काम मला तिनेच सांगितलंय. प्रत्येक पेशीभोवती चरबीच्या कणांचा पडदा. दोन रांगा – डोकी बाहेर पाण्याकडे, शेपट्या आत. थंडीत सगळे ताठ. आमचा लॅबमधला पडदा एक्केचाळीस डिग्रीला वितळतो, की सगळे सैल. "शाळेतली कवायत आठव," ती म्हणाली होती, "सावधान, विश्राम." मी म्हटलं, आमचे मास्तर विश्राम म्हणायचेच नाहीत, आधी कुणीतरी चक्कर येऊन पडायचा, मग त्याच्या बाजूचा. ती हसता हसता थांबली. "मला तेच बघायचंय. आधी कोण पडतो आणि बाजूचे किती पटकन."

म्हणून पडदा चाळीसवर ताठ ठेवायचा, लेझरचा एक फटका मारून पाणी एकदम तापवायचं आणि सैल होता होता पकडायचा. सुरुवातीची गडबड तर इतकी झटपट की आपली पापणी लवेपर्यंत लाखो वेळा होऊन जाईल.

पण माझ्या त्रेचाळीसच्या पाण्यात तो आधीच सैल होऊन पडलेला. झोपलेल्याला काय झोपवणार?

आणि चष्मा? दुपारी तोच बाथ, तोच पडदा. संध्याकाळी सरांना आलेख दाखवला. चढ, वळण, सगळं झकास.

मी बादली उचलून सटकलो. घाबरलो, खोटं कशाला बोलू.

बुधवार, ५ मार्च

सर ताईला म्हणाले, "मशीन तेच, पडदा तोच. त्याला दिसतं, तुला दिसत नाही. मग चूक कुणाची?" शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तिचं काम चष्म्याला देणार. काम गेलं की तिची फेलोशिप गेली, म्हणजे ती घरी. ताईने ऐकून घेतलं. चहा संपवला, कप धुतला, गेली.

मग काचेच्या नळ्या घासता घासता माझी ट्यूब पेटली. त्रेचाळीसच्या पाण्यात वळण दिसेलच कसं? ताईची सरळ रेघच खरी! चष्म्यालाही रेघच आली असणार. त्याने कुठलातरी जुना आलेख काढला आणि आजचा म्हणून चिकटवला. यायला पाहिजे ते आणलं पठ्ठ्याने.

पण हे सांगायचं तर बाथचंही सांगावं लागेल. म्हणजे माझी वरात.

गुरुवार, ६ मार्च

मामाला सांगितलं. मामा तिथलाच इलेक्ट्रिशियन, त्यानेच शब्द टाकून मला चिकटवलं. आधी पोट धरून हसला, मग एकदम गंभीर. "आकडा गुपचूप जागेवर आण आणि तोंड शिव. हत्तींच्या भांडणात गवत तुडवलं जातं."

"मी गवत?"

"तू तर तणच आहेस."

आई स्वयंपाकघरातून: "माझ्या भावाचं नाक कापलंस तर जेवायला वाढणार नाही."

नको वाढूस. आकडा जागेवर आणला की मी सुटलो, ताई बुडाली. बाथला हात लावणार नाही. उद्या बोलणार. वाट्टेल ते होऊ दे.

शुक्रवार, ७ मार्च

बोललो.

सर चष्म्याचा आलेख भिंतीवर लावून कौतुक करत होते. मी दारातूनच म्हटलं, "सर, हे होऊच शकत नाही." सगळ्या माना वळल्या. चष्मा म्हणाला, "ह्याला आत कुणी सोडलं?" म्हटलं, मीच सोडलं, किल्ली माझ्याकडे असते.

मग सगळं सांगितलं. बटणं, तीन डिग्री, नापास, सगळं. सर उठले, काचेचा थर्मामीटर घेतला, बाथमध्ये बुडवला. डब्यावर चाळीस. पारा त्रेचाळीसवर. सर चष्म्याकडे वळले. "हा आलेख मंगळवारचा आहे म्हणालास ना?"

"सर, ते... फाईल बदलली असेल."

"कुठल्या फाईलशी?"

त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. पुसतच राहिला. त्याचं काम काढून घेतलं, चौकशी बसली. ताईचं काम ताईकडे.

मग सर माझ्याकडे. "उद्यापासून येऊ नकोस."

"उद्या सुट्टीच आहे, सर. सोमवारपासून म्हणा."

कुणी हसलं नाही. मान खाली घालून मात्र नाही आलो. मामा जिन्यात भेटला. "तण ते तणच," म्हणाला आणि पाठीत एक धपाटा घातला. जोरात नव्हता.

शनिवार, ८ मार्च

ताई घरी आली होती. आईने वाढलं, मलासुद्धा. दारापर्यंत सोडायला गेलो तर हळूच म्हणते, "मला सोमवारीच कळलं होतं. नळी काढताना हाताला पाणी गरम लागलं. मुद्दाम गप्प बसले, म्हटलं बघू तुझा चष्मा काय आणतो."

माझा आ वासलेला. "आणि मी बोललो नसतो तर?"

"मग मी बोलले असते. आणि तुलाही पकडून दिलं असतं."

बाप रे, ही तर माझी गुरू निघाली!

हे वाचणाऱ्या, तू जो कोण असशील, तुझ्या पाया पडतो – कुणाला सांगू नकोस. सरांना तर नाहीच. माझं गेलं ते गेलं. तिचं राहू दे.