कालव्यावरचं पहिलं दळण

गोरेगाव, ता. १९ जानेवारी २०२६

चि. शंकरसिंग यास प्रेमदासकडून जय सेवालाल व अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. फोनवर आईला ऐकू येत नाही, पण सूनबाई शिला पत्र मोठ्यानं वाचते तेव्हा ती खुलते, असं तू लिहिलंस. म्हणून मीही लिहायला बसलो.

हट्ट्याच्या जुन्या कालव्यावरची आपल्या बापूंची पाणचक्की तू तीस वर्षांनी फिरती केलीस, हे इथं गोरेगावातही सगळ्यांना कळलं आहे. परवा चंदाबाई दळणाचा डबा ठेवताना विचारत होती की भावाचं पीठ म्हणे थंडगार निघतं, मग तुमचंच काहून पोळतं. मी म्हटलं, माझ्या चक्कीला वीज लागते, त्याच्या चक्कीला फोटो काढणारे लागतात. ती हसली. मला मात्र ते हसू दिवसभर पुरलं.

आपल्या तांड्याचे प्रमुख अमरसिंग नायक यांचा निरोप आला की यंदा सेवालाल जयंतीच्या भंडाऱ्याचं पीठ तुझ्याकडून येणार. बावीस वर्षं ते मी दळलं. आंघोळ करून, चक्की पुसून, उपाशी राहून. पीठ कोणाचंही असो, सेवा महाराजांना पोचतेच, असं मनाला सांगतो. मन ऐकत नाही.

आईचे गुडघे कसे आहेत ते कळव. शिलाला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा दादा

हट्टा, ता. २७ जानेवारी

ती. दादांस शंकरसिंगचे शि. सा. न. वि. वि.

पत्र ऐकून आई म्हणाली की प्रेमदास रुसून राहिला, त्याला बोलावून घे. म्हणून बोलावतो. वसमतच्या पाथरवटानं दोन्ही दगडांना छिन्नीनं नवी टाकी लावून दिली. जुने दगड पार गुळगुळीत झाले होते, आता हात फिरवला की खरखर लागते. कालव्याला अकरा फेब्रुवारीला पाणी सुटणार आहे. त्याच दिवशी भंडाऱ्याचा तीन पोती गहू दळतो. पहिलं पीठ महाराजांच्या भोगाला काढायचं ठरवलंय. पाणी अडवणारी फळी तुमच्या हातानं उचलावी, अशी माझी इच्छा आहे.

एक विचारायचं होतं. टाकीचं काम बापूंनी तुम्हाला शिकवलं. मला दगडाला हात लावू दिला न्हाई. मी बाहेर पाटातला गाळ काढायचो आणि आत तुमचं दोघांचं बोलणं ऐकायचो, नीट ऐकूही यायचं न्हाई. नव्या टाकीबद्दल काही ध्यानात ठेवायचं असेल तर जरूर कळवा.

वहिनींना नमस्कार. तुमचा हात डोक्यावर असू द्या.

आपला शंकर

गोरेगाव, ता. ९ फेब्रुवारी

चि. शंकरसिंग यास आशीर्वाद. वि. वि.

कामाच्या गर्दीत उत्तराला उशीर झाला. अकराला मला जमणार नाही. फळी उचलायला तुला माणसांची काय कमी?

विचारलंस म्हणून लिहितो. पहिलं पायलीभर पीठ गुरांना घालायचं असतं, भोगाला नाही. चार लोकांनी वाहवा केली म्हणून कोणी बापू होत नाही. पटलं तर बघ. हे आईला वाचून दाखवू नको, मी तुझ्या कामात मोडता घालतो असं तिला वाटेल.

पंधराला भंडाऱ्यात भेटूच. कळावे.

प्रेमदास

गोरेगाव, ता. १८ फेब्रुवारी

चि. शंकर यास आशीर्वाद. वि. वि.

पंधराला पंगतीत पहिल्या पुरीलाच दाताखाली कच वाजली. तांड्यातल्या हरिचंदानं भर पंगतीत विचारलं की कालव्यातली वाळू मळली का काय. तू पानापानापुढं हात जोडत फिरलास, ते मी खाली मान घालून पाहिलं. नायकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की पुढच्या वर्षी पीठ प्रेमदासचंच. महिनाभर मला हेच ऐकायचं होतं. ऐकलं, आणि पुरी पानातच ठेवली.

आता खरं लिहितो. नव्या टाकीच्या दगडाची कच पहिल्या पिठात उतरते, हे तुझं पत्र हातात पडलं तेव्हाच मला आठवलं होतं. ते कारण मी तुला लिहिलं नाही. फोन उचलून सांगता आलं असतं, तेही केलं नाही. दिवस मोजून पत्र टाकलं, तेराला पोचेल असा हिशोब धरून. म्हणजे सांगितल्याचं पुण्य मला आणि कच तुझ्या पिठात. सोमवारी नरसीला गेलो होतो. नामदेव महाराजांच्या पायरीवरूनच परत फिरलो, आत जाववेना.

नायकांना मी सांगणार आहे. हे पत्र आईला वाचून दाखव. काही गाळू नको.

आज माया मागायला तोंड नाही.

प्रेमदास

हट्टा, ता. २३ फेब्रुवारी

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं नऊ तारखेचं पत्र तेराला न्हाई, अकराला सकाळीच पोचलं. अमृतराव पोस्टमन कालव्याच्या कडेनं येतात. फळी अजून उचलायची होती.

मी ते तिथंच उभ्यानं वाचलं. वाटलं, भोगाचा मानही दादाला बघवेना, म्हणून गुरांचं नाव पुढं केलं. पत्र खिशात घातलं, आणि मुद्दाम पहिल्याच पिठातून भोग काढला. उरलेलं भंडाऱ्याच्या पोत्यांत मिसळून टाकलं. शिला म्हणत होती की एकदा आईला विचारा. तुम्ही दाखवू नको लिहिलं होतं, मला ते निमित्तच सापडलं.

काल आईला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. ती म्हणाली की टाकी लावली का तुमचा बाप पहिलं पीठ म्हशीपुढं ठेवायचा, अन् ते घमेलं मीच उचलून न्यायची; मला एकानंही विचारलं न्हाई.

नायकांकडं एकटे जाऊ नका. गुरुवारी सकाळच्या जीपनं मी येतो, मला पण सांगायचं आहे. आई पण येणार म्हणून हटून बसली आहे.

रागवा, पण आपला म्हणून रागवा.

तुमचा शंकर