जुन्या शूवरच्या तीन रेघा

बाबा, आज घरची गाडी गॅरेजला नेली होती. मेकॅनिकने मागची चाकं उतरवली, ड्रम काढले आणि आतली ती चंद्रकोरीसारखी लोखंडी कमान, ब्रेकचा शू, माझ्या हातात ठेवली. "लायनिंगचा पट्टा पार झिजलाय, मॅडम. ह्याच शूला नवीन लायनिंग मारू, की बाजारात स्वस्तात तयार शू मिळतात ते घालू?" तो हात धुवायला मागे गेला तेव्हा गाडीच्या किल्लीने त्या शूच्या कडेवर मी तीन रेघा ओढल्या. तुम्ही खिळ्याने ओढायचात तशाच, दोन जवळजवळ आणि एक जरा लांब.

तुमचा कुणावरच विश्वास नव्हता. मासेवालीने बांगड्याचा कल्ला उघडून दाखवला तरी तुम्ही स्वतःचं बोट घालून बघणार. पंपावर पेट्रोल भरताना काट्यावर नजर, आणि वर टाकीत काठी बुडवून पाहणं. तुमची टॅक्सी कुडाळच्या गॅरेजात द्यायची झाली की तुम्ही मला बरोबर न्यायचात, ग्रीसच्या पालथ्या डब्यावर बसवायचात आणि स्टँडवर निघून जायचात. जाताना दर वेळी तेच. "डोळे उघडे ठेव. आमचा काढतलो नि दुसऱ्याचा घालतलो. आणि तो काय गोड बोललो तर मनावर घेव नको." मी अकरा वर्षांची होते. मला त्या डब्यावर बसायचा अभिमान वाटायचा.

तिथला मेस्त्री गोव्याकडचा ख्रिस्ती, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. मी कशाला बसलेय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "काय गो बाये, आज पोलीस चौकी हंयच?" असं म्हणून काढलेला प्रत्येक भाग तो आधी माझ्यासमोर धरायचा. "बघ, तुज्या बापाशीच्यो रेघो. मोजून घी." मी खरंच मोजायची.

त्या वर्षी ब्रेक दाबला की लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येऊ लागला होता. चार दिवसांनी एका सोयरिकीची माणसं फोंडाघाटाने कोल्हापूरला नेऊन परत आणायची होती. मेस्त्री म्हणाला, शू चांगले आहेत, फक्त लायनिंग बदलू, दोन दिवस द्या. तुम्हाला तिथेच संशय आला. नवं घातलं तर गाडी पुन्हा लवकर त्याच्याकडे येणार नाही, म्हणून हा दुरुस्ती सांगतो. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि बांद्याच्या पलीकडून चोरून माल यायचा. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेले काळेभोर, चकचकीत शू घेऊन आलात. मेस्त्रीने त्यावर नख ओढलं, नाकाशी नेलं.

"डायवरानू, हेका तेल लागलेला आसा. रॉकेलान धुतलो, वरसून रंग मारलो. घाटात तापलो की तेल वर येतला. ब्रेक धरूचो नाय."

"मी स्वस्तात माल हाडलंय म्हणान तुज्या पोटात दुखता!"

"माज्या पोटात काय दुखाचा नाय. घाट तुमका उतरूचो आसा, माका नाय."

"मग घाल गुमान."

त्याने घातले. त्याआधी दोनदा रॉकेलने पुसले, उन्हात ठेवले, पुन्हा पुसले. मी डब्यावरून सगळं बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी न्यायला आपण आलो तेव्हा तुम्ही समोरच्या हॉटेलात चहाला थांबलात आणि मला पुढे पाठवलंत. मेस्त्रीने बाकाखालून आपल्या टॅक्सीचे, तीन रेघांचे जुने शू काढले. त्यांच्यावर कोरा करकरीत पट्टा होता, तांब्याचे रिबिट ओळीने ठोकलेले. "बापाशीक सांग, हे तयार करून ठेवलंय. अर्ध्या तासात बदलून दितंय. पैशे मागीर दिले तरी चलात. मी सांगाक गेलंय तर तो भांडतलो. तुजा ऐकतलो." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तो हात ठेवला म्हणूनच मला शंका आली. गोड बोललो तर मनावर घेव नको. मी हॉटेलात आले. तुम्ही बशीत चहा ओतत होता. "काय म्हणालो?" तुम्ही विचारलंत. मी म्हटलं, "काय नाय."

कोल्हापूरहून परतताना घाटात ब्रेक धरेना. तुम्ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून डोंगराच्या अंगाला घासत नेलीत, म्हणून सगळे जगले. एका म्हाताऱ्याचा हात मोडला. तुमचा उजवा गुडघा मग कधीच नीट वाकला नाही. खाटेवरून तुम्ही पहिला प्रश्न मला केलात, "तू बसललंस ना थंय? काय केल्यान तेणी?" मी म्हटलं, सगळं दिसलं नाही. तेवढं तुम्हाला पुरलं. आपला सल्ला मानला नाही म्हणून मेस्त्रीने मुद्दाम ढिलं बसवलं, असं तुम्ही स्टँडवर येईल त्याला सांगितलंत. तुम्ही माणूस पाठवून जुने शू परत मागवलेत. ते नव्या पट्ट्यासकट आले तेव्हा रेघा बघून तुम्ही ओरडलात, "बघितलंस? आमचेच शू, नि लायनिंग मारून दुसऱ्याक इकूक ठेवल्यान!" आई हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघत राहिली. मी विहिरीवर पाणी आणायला गेले.

तेच शू तुम्ही गाडीला बसवलेत. त्यांच्यावर ती पुढे किती वर्षं घाट चढली-उतरली. मेस्त्रीकडे मात्र एकेक ड्रायव्हर जाईनासा झाला. गोवा मोकळा झाल्यावर तो म्हापशाला निघून गेला. निरोप तुमच्यापर्यंत पोचला आणि तुम्ही धुडकावला, असंच तो समजत असणार. तुम्ही गेलात तेही त्याला लबाड म्हणतच.

आज मी मेकॅनिकला म्हटलं, जुन्यालाच लायनिंग मारा. त्याने शू उचलला, रेघा पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं. "बदलणार नाही हो मॅडम," एवढंच म्हणाला. मला त्याच्याकडे बघवेना.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून इतकं सरळ लिहिता आलं. बाबा, मेस्त्री अजून असेल. सहा वर्षांपूर्वी त्याची लेक कुडाळच्या बाजारात भेटली, तिने पत्ता लिहून दिला. तेव्हाच ऐंशीच्या पुढे गेला होता, ऐकू येत नाही, पण चष्मा लावून वाचतो म्हणाली. तो कागद माझ्या पर्समध्येच आहे. तरी त्याला लिहायला बसले की मी 'बाबा' म्हणूनच सुरुवात करते.