आठ दिवसांचा नियम

प्रिय ठमे,

सकाळी कुरणाच्या फाटकावर परके कुलूप पाहून तू आधी रखवालदाराची हजेरी घेशील. त्या बिचाऱ्याला काही बोलू नकोस. कुलूप मी लावले आहे, किल्ली याच पाकिटात आहे. पत्र शेवटपर्यंत वाच आणि तोवर घोडे तबेल्यातच राहू देत.

वनस्पतिशास्त्रात तू दोनदा गटांगळ्या खाल्ल्यास आणि तिसऱ्यांदा माझ्या आकृत्या गिरवून कशीबशी काठाला लागलीस. तणांवर प्रबंध लिहिला तो मी. कार्यालयांची आवारे, गोदामांचे रस्ते, वाहनतळाच्या फरश्यांमधल्या फटी मी अशा राखल्या, की गवताच्या पात्यानेही विचारून उगवावे. तरी मालकीणबाईंनी घोड्यांचे कुरण सोपवले तुझ्याकडे. माझा चौदा पानी आराखडा परत करताना म्हणाल्या, "तुमचं सगळं बिनचूक आहे हो, पण आमची घोडी तुमच्या बहिणीच्या मागेमागे फिरते." घोडीच्या शिफारशीवर काम मिळालेली तू आपल्या घराण्यातली पहिलीच, असे मी चारचौघांत हसत सांगते. हसताना दात दिसतात, पोटातले दिसत नाही. परवा आईसुद्धा म्हणाली, "धाकटीचा हात लागला की रान हसतं गं." माझ्या हाताखाली रान हसत नाही, शिस्तीत उभे राहते. त्याचे कौतुक कुणाला?

आज दुपारी तू मला कुरण दाखवलेस. कुंपणालगतच्या पिवळ्या फुलांच्या विषारी तणावर तू फवारणी केली होतीस. झाडे माना टाकून उभी होती. "आठ दिवसांनी वाळली की गोळा करीन, तू शिकवलंस तसंच. घोडे उद्याच सोडते, ते नाहीतरी याला तोंड लावत नाहीत," असे म्हणालीस. हिरवे असते तेव्हा लावत नाहीत, कारण ते कडू लागते. कोमेजले की कडवटपणा जातो, विष जात नाही; मग घोडा ते चवीने खातो आणि यकृत गमावून बसतो. माझा आठ दिवसांचा नियम कार्यालयांच्या आवारांसाठी होता. तिथले कारकून चरत नाहीत.

हे मला त्याच क्षणी दिसले. तू विचारलेस, "ताई, जमलंय ना?" आणि मी म्हणाले, "छान." जन्मात तुला न दिलेला शब्द. तू मातीच्या हातांनी मला मिठी मारलीस. घरी येऊन मी चहा घेतला आणि मालकीणबाई माझा आराखडा पुन्हा मागवतील तेव्हा किती आढेवेढे घ्यायचे, हे ठरवत बसले. तो चहा संपेपर्यंत मी तुझी कुणीच नव्हते.

म्हणून हे पत्र. हातमोजे घालून सगळे तण मुळासकट उपट आणि कुरणाबाहेर ने; काडीसुद्धा मागे राहता कामा नये. मालकीणबाईंना काय सांगायचे ते तू ठरव, मी काहीही नाकारणार नाही. हे समोर येऊन सांगायला हवे होते. पण तू मला तिथल्या तिथे माफ केले असतेस, आणि तुझे तेवढे मोठेपणही मला सोसले नसते.

तुझीच, अजूनही असेन तर,
ताई