बाबांच्या नंबरावरून आलेलं ‘नाही’

प्रिय आत्या,

मायन्यालाच अडलो बघ. गेल्या वर्षी बाबांचं शेवटचं कार्य झालं, सगळ्या गोतासमोर माझ्या खांद्यावर झाडाच्या सालीचं वस्त्र टाकलं, हातात बाबांचा भाला दिला, तेव्हापासून आपल्या रीतीने वारस म्हणून मीच बाबा. माझ्या सख्ख्या बहिणी मला बाबा म्हणतात, आणि तू झालीस माझी धाकटी बहीण. आता तुला नमस्कार करू की आशीर्वाद देऊ? (मागे धक्क्यावर तू चारचौघांत ‘दादा, माझी पिशवी धर’ म्हणालीस, तेव्हा माझे कान गरम झाले होते.) दोन्ही पाठवतो, लागेल ते ठेवून घे. गुडघा काय म्हणतो? बेटावर मासळी बरी मिळते ना? इकडे सगळे खुशाल. माझी नाकिगुडे माहेरी आहे, तीही खुशाल असावी. तिने मला काही कळवलेलं नाही.

तुझ्या कानावर आलंच असेल की मी शिवणयंत्र सोडून दिवसभर मोबाइलवर फुटबॉलच्या पैजा लावतो. लोकांना दुसरं काम नाही. अगं, माझ्याइतका शिस्तीत खेळणारा माणूस अख्ख्या मसाका शहरात सापडायचा नाही. खेळ ताब्यात कसा ठेवावा याचे नियम त्या कंपनीनेच दिलेत, ते मी कागदावर उतरवून यंत्राच्या चाकावर चिकटवलेत. मन उदास असताना खेळू नये, असा एक नियम आहे; म्हणून मी आधी थोडं खेळून मन ताळ्यावर आणतो आणि मगच खेळायला बसतो. दर तासाने मोबाइल विचारतो, ‘अजून खेळताय?’ खरं सांगू, मला ते आवडतं. बाबा गेल्यापासून या घरात मला कुणी काही विचारत नाही.

त्यात आणखी एक सोय आहे. आठवड्याला किती लावायचं याची मर्यादा आपण घालायची, आणि ती वाढवायची असेल तर आपल्या भरवशाच्या माणसाच्या फोनवरून परवानगी यावी लागते. बाबा होते तेव्हा मी त्यांचा नंबर दिला होता. त्यांनी ते काम सरकारी हुद्द्यासारखं मनावर घेतलं. मी विचारायचो, तिकडून ठरलेलं उत्तर यायचं: ‘नाही. जेवलास का?’ चार वर्षांत त्या माणसाने एकदाही हो म्हटलं नाही. मग ते गेले, आणि भाल्याबरोबर त्यांचा फोनही रीतसर माझ्याकडे आला. आता तूच न्याय कर. बाबा मीच असेन तर परवानगी देण्याचा हक्क कुणाचा? माझ्या या फोनवरून नम्रपणे विचारायचं, उठून पेटीतला त्यांचा फोन चालू करायचा आणि हो म्हणायचं. (मध्ये थोडा वेळ जाऊ द्यायचो, त्यांना विचार करायला.) असे आम्ही बापलेक फार समजुतीने वागत होतो. दुसरं यंत्र विकलं त्या दिवशी नाकिगुडेने गाठोडं बांधलं. निघताना म्हणाली, ‘सासरे होते तेव्हा या घरात एक तरी शहाणा माणूस होता.’ मी म्हटलं, अगं, सासरा मीच आहे. ती हसलीसुद्धा नाही.

आता मुख्य गोष्ट. तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी, भर दुपारी शाळेच्या गणवेशाचं कापड बेतत होतो. मर्यादा वाढवायला विचारलं आणि पेटीकडे जायला उठलो, तोच या फोनवर उत्तर आलं: ‘नाही. जेवलास का?’ बाबांच्या नंबरावरून. पेटी उघडली. फोन सालीच्या वस्त्रात गुंडाळलेला, बंद, हाताला गार लागला. म्हटलं, जुना निरोप वाटेत अडकला असेल. दुसऱ्या दिवशी त्या फोनची बॅटरी काढून खिडकीत ठेवली आणि पुन्हा विचारलं. ‘नाही. कात्री खाली ठेव आधी.’ आत्या, कात्री माझ्या हातात होती.

माझा संशय तुझ्यावर गेला, हे कबूल करतो. हे शब्द तुला आणि मलाच ठाऊक. म्हणून मसाकाला जाऊन फोनच्या दुकानातल्या पोरीला बाबांच्या फोनमधलं कार्ड दाखवलं. तिने खटाखट बघितलं आणि म्हणाली, ‘या नंबराचं दुसरं कार्ड कुणी काढलेलं नाही. आणि कार्यानंतर तुम्ही दिलेल्या परवानग्या सोडल्या तर याच्यावरून काहीच गेलेलं नाही, काका.’ मी माझ्या फोनवरचे निरोप दाखवले. तिने ते दोनदा वाचले, फोन टेबलावरून माझ्याकडे सरकवला आणि हात झग्याला पुसले. तेव्हापासून मी रोज विचारतो आणि रोज नाही येतं. भीती वाटते, खोटं कशाला बोलू. पण दुपार झाली की मी वाटही बघतो.

बाकी नवीन काही नाही. वीटभट्टीवाला बुकेन्या घरामागच्या केळीच्या बागेत येऊन माप घेऊन गेला. तिथली माती त्याला फार आवडली. बाबांच्या थडग्यापासून चार पावलांवर त्याने लाल चिंध्या बांधलेले दांडे रोवलेत. नुसतं बोलणं चाललंय, मनावर घेऊ नकोस.

तुझा (भाचा किंवा दादा),
मुत्याबा

ता. क. सोबत एक कागद आहे. आत्याच्या अंगठ्याशिवाय बाग विकता येत नाही म्हणतात, तेव्हा खाली उजवीकडे एक अंगठा उठव. बुकेन्याने विसार फोनवर पाठवलाय. शनिवारचा एकच सामना, मग यंत्र परत, नाकिगुडे परत, बागही परत. फक्त मर्यादा आड येते. आणि तो नंबर कुठल्या युक्तीने तूच चालवत असशील, तर एकदाच हो म्हण ना गं.

ता. क. २. वरचं सकाळी लिहिलं. होडीवाल्याकडे पत्र द्यायला निघालो तर निरोप आला. मी काही विचारलं नव्हतं. ‘डोक्याशी केळ वाकलीय. टेकू दे.’ बागेत गेलो. थडग्याच्या उशाशी खरंच एक केळ घडाच्या भाराने वाकली होती, आणखी तासाभरात थडग्यावर आडवी झाली असती. टेकू द्यायला सरळ लाकूड शोधलं, तर हाताशी बुकेन्याचा दांडाच होता. तो उपटला आणि लावला. मग बाकीचेही उपटले. थडग्याशी बसून मी पोटभर रडलो, हे नाकिगुडेला कळव, तिला बरं वाटेल. कागद फाडलाय, तुकडे चूल पेटवायला घे. विसार मर्यादेमुळे जसाच्या तसा राहिला, तो उद्या परत करतो. बाबांच्या फोनचं कार्ड खाली डिंकाने चिकटवलंय. आजपासून भरवशाचं माणूस तू. मी कितीही गोड बोललो तरी नाहीच म्हण. दादा म्हणून हा हुकूम समज, भाचा म्हणून पाया पडतो. फक्त नाही म्हटल्यावर, जेवलास का, तेवढं विचारत जा.

ता. क. ३. पाकीट पुन्हा उघडलं. कार्ड इथेच आहे, डिंक वाळलाय, मी नख लावून बघितलं. आत्ताच निरोप आला: ‘जेवलास का?’ हो म्हणून कळवायच्या आधी चुलीवर कच्च्या केळ्यांचं मटोके ठेवलंय. खोटं बोललेलं त्यांना लगेच कळायचं.